तीस सेंटिमीटर कमी भरलेल्या चालण्याच्या पट्ट्याबाबत

दि. १४ एप्रिल

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
औषध-चाचणी देखरेख समिती,
मज्जासंस्था विभाग, मुख्य रुग्णालय.

विषय : सहभागी क्र. २७ हिला चाचणीतून वगळण्याचा निर्णय रद्द करणे व त्यामागील चुकीची जबाबदारी अर्जदारावर निश्चित करणे.

संदर्भ : १) वगळल्याचे पत्र, दि. ११ मार्च. २) अर्जदाराचे यापूर्वीचे पाच अर्ज. ३) त्यांना आलेली तीन उत्तरे.

महोदय,

१. दि. ११ मार्च रोजी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी सहभागी क्र. २७, म्हणजे अर्जदाराची थोरली मुलगी, आपल्या कक्षाबाहेरील कॉरिडॉरमध्ये काठी टेकत २५ फूट चालली. तिला ९.७ सेकंद लागले. चौदा महिन्यांपूर्वी दाखल होताना तेवढ्याच अंतराला तिने ८.० सेकंद घेतले होते. वेळ २१.३ टक्क्यांनी वाढली, आणि ती २० टक्क्यांवर वाढली की औषध बंद, असा चाचणीचा नियम आहे. त्याप्रमाणे १० वाजून ५ मिनिटांनी तिच्या हातातील गोळ्यांची डबी परत घेण्यात आली. नियमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘तेवढ्याच अंतराला’ या शब्दांबद्दल.

२. मुलीस अकरा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवरचे वेष्टण झिजते आणि पायाला निघालेला निरोप वाटेत अडखळतो. तारा ओढण्यात उमेदवारी केलेल्या माणसास हे एका वाक्यात समजते. बाप म्हणून ते अद्याप समजलेले नाही. मुलगी तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे नमुने कापते. तिला मिळत होती ती गोळी खरी की पिठाची, हे चाचणीच्या पद्धतीनुसार कोणासच ठाऊक नाही. अर्जदाराने तिला तसे स्पष्ट सांगितले असता ती म्हणाली, “पिठाची असेल तर पिठाची. पण मी रांगेतून हलणार नाही. पुढे कुणाला तरी खरी मिळेल ना?” सबब, हा अर्ज औषधासाठी नसून रांगेतील तिच्या जागेसाठी आहे.

३. त्या दिवशी घरी परतताना मुलगी टॅक्सीत म्हणाली, “बाबा, वाट लांबली आहे. आधी मी एकोणीस पावलांत पोचायचे. आज वीस झाली.” पाऊल आखूड पडले असेल, असे अर्जदाराने समजावले. त्यावर, “दिवसभर कापड मोजते मी. पाऊल आखूड पडलं तर मला कळणार नाही होय?” असे म्हणून ती खिडकीबाहेर पाहू लागली. अर्जदारास तिचे बोलणे लागले, म्हणून घरी पोहोचताच त्याने आपल्या जुन्या कामाच्या वह्या काढल्या.

४. येथे सांगणे भाग आहे की अर्जदार तंत्रनिकेतनातून मापन-यंत्रांची पदविका घेतलेला असून याच रुग्णालयाच्या देखभाल कार्यशाळेत एकतीस वर्षे नोकरीस होता, शेवटची नऊ वर्षे फोरमन म्हणून. कॉरिडॉरच्या फरशीवरील चालण्याचा मूळ पट्टा त्यानेच आखला होता. आमच्या टेपचा पहिला फूटभर भाग वाकून निकामी झाला होता. तेव्हा सुरुवात शून्यावर न धरता तीसवर धरायची आणि शेवटी तीस वाढवायचे, ही कार्यशाळेतील रीत. सुरुवातीच्या टोकाला बसलेल्याने “तीस दे!” अशी हाक मारायची आणि पलीकडच्याने “दिले!” म्हणून मगच खूण करायची. ही रीत नवीन मुलांना अर्जदारानेच शिकवली. हाक विसरणाऱ्यास त्याने दिवसभर झाडू मारायला लावले आहे.

५. पट्टा आखला तो अर्जदाराच्या नोकरीचा शेवटून तिसरा दिवस होता. सोबतची माणसे निरोपसमारंभाच्या खुर्च्या मांडायला गेली होती. अर्जदाराने टेपचे टोक विटेखाली दाबले आणि एकट्यानेच खूण केली. विटेने हाक दिली नाही. वहीत त्याच्याच अक्षरात नोंद आहे : “सुरुवात ३०, शेवट ७६२. काम पूर्ण.” २५ फुटांचे ७६२ सेंटिमीटर होतात, शेवट ७९२ वर व्हायला हवा होता. पट्टा भरला ७३२. गेल्या शरद ऋतूत फरशी बदलली, तेव्हा ठेकेदाराने नवा पट्टा आखला आणि तो बरोबर आखला. म्हणजे मुलगी पहिल्या दिवशी ७३२ चालली व ११ मार्चला ७६२, आणि पहिल्या दिवशी न चाललेले तीस सेंटिमीटर तिच्या आजाराच्या नावावर पडले.

६. हिशेब असा : ८.० सेकंदांना ७६२ ने गुणून ७३२ ने भागल्यास ८.३३ सेकंद येतात. ८.३३ वरून ९.७ म्हणजे वाढ १६.५ टक्के. नियमाची मर्यादा २० आहे.

७. इतके सरळ असूनही गेल्या चौतीस दिवसांत पुढीलप्रमाणे घडले. चाचणीच्या समन्वयक बाईंनी “आजोबा, स्टॉपवॉच अगदी नवं आहे हो” असे सांगून अर्ज इमारत विभागाकडे पाठवला. इमारत विभागाने लेखी कळवले की जुनी फरशी अस्तित्वात नाही, आणि जी फरशी नाही तिच्यावरील चूक तपासता येत नाही. अर्जदाराने निदर्शनास आणले की पट्टा आखताना त्याने दोन्ही टोकांसमोर भिंतीच्या तळाशी एकेक पितळी खिळा ठोकला होता. भिंतीला कोणी हात लावलेला नाही. एक खिळा लिफ्टजवळ आजही दिसतो. दुसरा अभिलेख विभागाच्या लोखंडी कपाटामागे आहे. कपाट हलवण्यापूर्वी त्यातील कागदांची यादी तपासावी लागते. यादी कपाटात आहे. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते लिपिक २५ एप्रिलपर्यंत रजेवर आहेत. अर्जदाराने चार नातेवाइकांच्या मदतीने कपाट वीतभर सरकवण्याचा प्रयत्न केला असता सुरक्षारक्षकाने “काका, या वयात शोभतं का?” असे विचारले. शोभत नाही, हे अर्जदारास मान्य आहे.

८. अखेरीस अर्जदाराने आस्थापना शाखेकडे स्वतःविरुद्ध तक्रार दाखल केली. ती परत आली, कारण विहित नमुन्यात तक्रारदार व कसूरवार या रकान्यांत एकच व्यक्ती चालत नाही. मुलीच्या सहीने तीच तक्रार पुन्हा दिली, तेव्हा उत्तर आले की निवृत्त कर्मचाऱ्यावर कारवाई करता येत नाही, सबब चूक झाली असे मानता येत नाही. सोबत अर्जदाराची सेवा निष्कलंक असल्याचा दाखला, मागणी नसताना, दोन प्रतींत जोडला होता. मुलगी तो वाचून प्रथम हसली, मग म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवलीत. आता स्वतःची एक चूक कुणी पदरात घेत नाही म्हणून दारोदार फिरताय.”

९. एक गोष्ट यापूर्वीच्या पाच अर्जांत लिहिलेली नाही. जुन्या पट्ट्यावर पहिली वेळ नोंदवलेले सहभागी एकूण ४१ आहेत, असे चाचणी कक्षाच्या फलकावर वाचले. त्यांपैकी कितीजणांच्या हातातून डबी परत घेतली गेली, हे विचारण्याचे धाडस अर्जदारास झाले नाही. मुलीचे काम आधी मार्गी लागू दे, असा विचार मनात होता. तो चुकीचा होता. ती विचारणा आता या अर्जाद्वारे करीत आहे.

१०. औषध बंद झाल्यापासून ४२ दिवसांत परत घेतले नाही तर सहभागी कायमचा बाद होतो. मुलीची मुदत २२ एप्रिलला संपते. म्हणून विनंती की : (अ) आपल्या अधिकारात कपाट हलवून दोन खिळ्यांमधील अंतर आपल्याच माणसाने, आपल्याच टेपने मोजावे, अर्जदार त्या वेळी कॉरिडॉरमध्ये उभा राहणार नाही. (आ) सर्व ४१ जणांची पहिली वेळ दुरुस्त करून पुन्हा हिशेब करावा. (इ) चूक कोणाच्या तरी नावावर लिहिल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसेल, तर ती अर्जदाराच्या नावावर लिहावी. निष्कलंक सेवेचे दोन्ही दाखले सोबत परत करीत आहे.

आपला नम्र व कसूरवार,
(स्वाक्षरी)
निवृत्त फोरमन, देखभाल कार्यशाळा

सोबत : १) कामाच्या वहीतील पानाची प्रत. २) लिफ्टजवळील खिळ्याचे छायाचित्र. ३) हिशेबाचा कागद. ४) दाखला, दोन प्रती, मूळ.

(अर्जाच्या पाठीवरील शेरा, समिती कार्यालय, दि. २१ एप्रिल)

कपाट हलवून मोजणी केली. अर्जदाराचे म्हणणे बरोबर आहे. सर्वांचा पुन्हा हिशेब केला. चुकीने वगळलेले सहभागी : ६. त्यांपैकी मुदत संपल्याने परत घेता न येणारे : ५. परत घेतलेले (क्र. २७) : १.