गाडीला दिलेली शेकोटी

उगाव, ता. निफाड
५ जानेवारी १९९९

चि. सौ. प्रतिभास नानांचे आणि तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे तुझी आई खुशाल आहे, मला सर्दी आहे आणि गाडीला जे झालंय ते पुढे सविस्तर लिहितो. जावईबापूंना नमस्कार सांग. विहीणबाईंना दोनदा सांग, कारण पहिल्या संक्रांतीला तुला न्यायला रविवारी येतो असा मी त्यांना शब्द दिला होता, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी पुरण घातलं होतं म्हणे. फोनवर मी नुसतं 'येणं जमलं नाही' एवढंच म्हणालो. तुमचा फोन बैठकीत, शेजारी सगळी मंडळी बसलेली, मी इकडून काय काय सांगणार? त्यात तू मध्येच "सगळं बरं शे" म्हणालीस. आठ महिन्यांत पोरगी 'आहे' सोडून सटाण्याचं 'शे' बोलायला लागली! तिथल्या माणसांत रमलीस, चांगलंच झालं, पण मी आपला ते 'शे'च घोळवत राहिलो. मग गाडीचं सांगायचं राहूनच गेलं.

तर गाडी. यंदा थंडीने कहर केलाय. सकाळी हौदात हात घातला की तो आपला आहे की शेजाऱ्याचा ते समजत नाही. (आई म्हणते, मी दरवर्षी हेच म्हणतो. म्हणू दे तिला.) द्राक्षाचे मणी फुगायच्या दिवसांत हा गारठा, म्हणून आम्ही रोज पहाटे बागेच्या बांधांवर शेकोट्या पेटवून धूर धरतोय आणि उजाडायच्या आत वेलींना पाणी सोडतोय. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं, मुळांना ऊब मिळते. तेव्हा द्राक्षं ठणठणीत आहेत. आजारी पडली ती गाडी.

गुरुवारपासून ती सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की जरा कण्हायची आणि गप्प. चोक पुरता ओढला तर गल्लीभर पेट्रोलचा वास, आणि न ओढला तर तेवढाही वास नाही. तू कॉलेजला जायचीस तेव्हा हे खातं तुझ्याकडे होतं. चोक बोटभर ओढायचीस, डॅशबोर्डवर हात ठेवून "चल गं बाई, पहिला तास आहे" म्हणायचीस, आणि ती चालू व्हायची. मीही म्हणून पाहिलं. नेमकी बागेत कामाला येणारी पुतळाबाई मागे उभी होती. तिने विचारलं, नाना, या वयात तुमचा कसला तास? तेव्हापासून बागेतल्या सगळ्या बाया मला मास्तर म्हणतात.

मग धक्का मारायचं ठरलं. मागे मी, आपला सालगडी वाल्मीक (तू गाडी शिकत होतीस तेव्हा जो आंब्यावर चढून बसायचा तोच) आणि बाया. पण आत कोण बसणार? आत तू असायचीस. शेवटी तुझ्या आईला बसवलं आणि बजावलं की मी ओरडलो की क्लच सोड. मी ओरडलो. तिने क्लच सोडला, स्टिअरिंगही सोडलं, आणि हात जोडून डोळे मिटले. गाडी सरळ उकिरड्यात जाऊन थांबली. आई म्हणते, थांबली ते देवामुळे. मला वाटतं, शेणामुळे.

आता रविवारी तर सटाण्याला निघायचं. मी विचार केला, एवढं नाजूक द्राक्ष ज्या उपायाने तगतं तो उपाय लोखंडाला का लागू पडू नये? (यात काय चुकलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही, सगळे नुसते हसतात.) बॉनेटवर गोणपाट टाकलं, त्या रविवारी पहाटे उठून दोन्ही अंगांना पालापाचोळा पेटवून धूर धरला आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं कोमट पाणी ओतलं. गाडी धुरात दिसेनाशी झाली, तसा मी समाधानाने चहाला आत गेलो. बागेत वारा सुटला तर पानं हलतात. इथे वारा सुटला आणि गोणपाट पेटलं. वाल्मीक पाणी शोधत बसला नाही. वेलींवरच्या भुरीवर, त्या पांढऱ्या बुरशीवर, मारायला गंधकाचं पाणी कालवून ट्रॅक्टरचा फवारा भरून ठेवलेला होता, तोच त्याने गाडीवर सोडला. आग विझली. आपली पांढरीशुभ्र गाडी टपापासून चाकांपर्यंत पिवळी झाली. पुतळाबाई म्हणाली, हळद लागलेली नवरीच दिसते. मला मे महिना आठवला आणि मी त्या बाईवर उगाच खेकसलो.

नंतर लासलगावहून मिस्त्री आला. जळालेल्या वायरी बदलल्या आणि सांगितलं की मूळ दुखणं एवढंच होतं, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावलं की झालं. बुरशीवर मी आयुष्यभर औषधं मारली गं, पण बॅटरीला भुरी येते हे कोण जाणे! आता गाडी नीट चालू होते. येत्या रविवारी मी नक्की येतो. धुक्यात काचेवर आतून वाफ धरते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून आणि कानटोपी घालून येईन. दारात बघून हसू नका. घर फार मोकळं लागतं, प्रतिभा. गाडी बिघडली तरी हाक कुणाला मारायची?

तुझे नाना,
सावळीराम

ता. क. गाडी धुतली, पण कानाकोपऱ्यात पिवळं राहिलंय. विहीणबाईंनी विचारलं तर संक्रांतीसाठी मुद्दाम रंगवली म्हणावं. संक्रांतीला काळं लागतं हे मला ठाऊक आहे. काळं बॉनेटवर आहे.

आणखी एक ता. क. हे आईला न दाखवता लिहितोय. दिवाळी झाल्यावर तुला पोचवून मी एकटा परत निघालो, तेव्हा भावडबारीच्या घाटात गाडी थांबवली होती. घरी सांगितलं की रेडिएटर तापला. त्या गारठ्यात कसला तापतोय! पुढचं काही दिसेना म्हणून मी कितीतरी वेळ वायपर फिरवत बसलो होतो आणि काच कोरडी होती. म्हणून माझं एवढं ऐक. न्यायला मी येतो, पण संक्रांतीनंतर परत न्यायला जावईबापूंनाच बोलव. त्यांना म्हणावं, नानांची गाडी थंडीत एकाच दिशेने चालते, सटाण्याहून घराकडे.