तुझी मांजर अजून आहे

माय, तुझी मांजर अजून जिवंत आहे. आनंदाची बातमी म्हणून नाही, वैतागून सांगते आहे. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हा ती पाचेक वर्षांची असेल, म्हणजे आता एकोणीस. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, माणसाच्या मानानं नव्वदीच्या पुढं गेली. तिला ऐकू येत नाही, डाव्या डोळ्यात दुधासारखं पांढरं आलंय, किडन्या थकल्यात. दर तिसऱ्या दिवशी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सलाईन द्यावं लागतं. तुझे जावई पाय धरतात, मी सुई टोचते, आणि ती आम्हा दोघांनाही ओरबाडते. रेतीचं घमेलं भरून ठेवलंय, पण तिला धुऊन घडी केलेले कपडेच लागतात. सकाळी दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहते आणि असा गळा काढते की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन विचारतात, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" मी काय सांगू त्यांना? तुझे जावई आयुष्यात कधी मटणाला शिवले नाहीत. आता तेच चिकलठाण्याच्या बाजारातून कलेजी आणतात, मी नाकाला पदर लावून शिजवते, आणि ही हुंगून तोंड फिरवते. काल आवडलेलं आज चालत नाही. तू तिला काय घालायचीस, ते कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

तिला बघितलं की मला गिरणीच आठवते. बाबा गेल्यावर तू ती चालवायला घेतलीस, शहराच्या जुन्या दरवाजाजवळच्या बोळातली. दुपारचे चार वाजलेत. पट्टा फटफटतोय, ज्वारीचा गरम वास सुटलाय, तुझ्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्यात. मी ऑफिसातून थेट आलेय आणि साडीला पीठ लागू नये म्हणून उंबऱ्यावरच उभी आहे. मांजर खरी काळी, पण अंगावर पिठाचा थर, म्हणून राखाडी दिसते. ती कुणाच्या तरी दळणाच्या डब्यावर ऐसपैस पसरलेली. मी केरसुणी उगारली आणि म्हणाले, "लोकांच्या धान्यावर मांजर बसवतेस? कुणी बघितलं तर?" तू मोटर बंद केलीस. एकदम शांत झालं सगळं.

"तिला मारायचं नाय," तू म्हणालीस. "ती हाय म्हणून उंदरं नायत इथं. अन् दिवसभर संगं असती माझ्या. तू येतीस घटकाभर, साडी सांभाळीत उभी राहतीस, अन् जातीस."

गव्हाचा डबा घेऊन आलेली शेजारची खाला मध्ये पडली. "जाने दो अम्मा, बच्ची है." मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली! चार बायांसमोर तू मला बोललीस याचा एवढा राग आला, की मी म्हणाले, "माझ्यापेक्षा तुला मांजरच मोठी." तू मोटर चालू केलीस आणि मांजरीला म्हणालीस, "बाई, सरक जरा." मला कधी सरक म्हणालीस तर तेही अशा मायेनं नाही. त्यानंतर मी तीन आठवडे गिरणीकडं फिरकले नाही, आणि "का आली नाहीस" म्हणून तू एकदाही विचारलं नाहीस. ते मला अजून डाचतं.

तुझा तेरावा झाल्यावर तुझ्या धाकट्या लेकानं मोटर उतरवली, शटर ओढलं. ही पायरीवर बसून. खाला म्हणाली, "इसको ले जाओ माँ, नै तो अम्मा को धुंडती बैठेगी यहाँ." दुसरं कुणी न्यायला तयार नव्हतं म्हणून टोपलीत घालून रिक्षानं घरी आणली. आठ दिवस कपाटाखालून निघाली नाही. नवव्या दिवशी निघाली ती माझ्या पायांवर येऊन झोपली, आणि मग चौदा वर्षं झोपतच राहिली. मी रिटायर झाले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तुझे जावई दिवसभर दुकानात. घरात ती आणि मीच. लळा कधी लागला ते कळलं नाही. लागला हे मात्र खरं. नाहीतर एवढा वैताग आला नसता.

यंदा तुझ्या नातीला दिवस गेले. "आई, आठव्या महिन्यापासून तू माझ्याजवळ रहा," ती म्हणाली. मी हो म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणाला डोक्यात आलं, हिचं काय करायचं? तुझ्या जावयांना एकट्यानं सलाईन जमत नाही, त्यांचे हात थरथरतात. डॉक्टरांना विचारलं तर ते हळू आवाजात म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन देऊन मोकळं करता येईल. तुमचा निर्णय." मला तो निर्णय नको होता. मी धाकट्याला फोन केला. तो फुलंब्रीला शेतात राहतो, तुला माहीतच आहे कसा बोलतो. "आण की अक्का! गोठ्यात राहील. मांजरच तर हाय, त्याचं काय एवढं!" औषधाच्या बाटल्या, सुया, सगळं घेऊन मी गेले. गोठ्यात तिला खाली ठेवलं तर ती भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली, हललीच नाही. भावजय म्हणाली, "अक्का, ही चार दिसबी काढायची नाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला सुई कशी टोचायची ते दाखवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. बॅग भरली, डिंकाचे लाडू केले, पुण्याचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी सकाळी धाकट्याचा फोन. "अक्का, ते मांजर दिसंना. परवापासनं." परवापासून! आणि मला आज सांगतोय! "म्हातारं जनावर असतंय, मरायला लांब जातंय. तू जा बिनघोर पुण्याला." मी बिनघोर गेले नाही. पुण्याची गाडी सोडली आणि फुलंब्रीची धरली. माय, मी एवढी संतापले होते, त्याच्यावर, स्वतःवर आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. भर उन्हात मी बांधाबांधानं हिंडत होते. हाका मारून उपयोग नाही, तिला ऐकूच येत नाही, तरी मारत होते. "बाई! ए बाई!" शेजारच्या शेतातली माणसं बघायला लागली. धाकटा मागून येत होता, आधी हसत, मग वाकून बघत. दुपारी दोनच्या सुमाराला शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीतून तोच गळा ऐकू आला, जो रोज सकाळी ऐकून मी कानात बोटं घालते. मी पोटावर सरपटत आत शिरले. तिनं मला ओळखलं नाही. अंगठ्याला कडकडून चावली. मी सोडली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घेत होते तेव्हा पुण्याहून माझ्या जावईबापूंचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच, त्या दुपारी तुझी नात बाळंत झाली होती. मुलगा. दोघं सुखरूप. तिच्याजवळ तिची सासू होती. संध्याकाळी ती स्वतः बोलली. मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आई, माझ्यापेक्षा तुला मांजरच मोठी."  मोटर चालू करायला माझ्याकडं गिरणीही नव्हती.

चौथ्या दिवशी मी मांजरीला टोपलीत घालूनच पुण्याला गेले. घरी तुझे जावई हात थरथरवत बसणार, फुलंब्रीला पुन्हा ठेवायची हिंमत नाही, मग काय करणार? एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, टोपलीत काय हाय?" "मांजर. म्हातारी आहे." "मग खिडकीपाशी बसा, वारा लागू द्या तिला." पाच तासांत माझ्याशी नीट बोललेलं तेवढं एक माणूस. मुलीनं दार उघडलं, टोपलीकडं बघितलं आणि आत निघून गेली. दोन दिवस कामापुरतंच बोलली. मांजर मागच्या बाल्कनीत, बाळ पुढच्या खोलीत, आणि मी मध्ये हात धूत धूत फेऱ्या मारतेय. तिसऱ्या दिवशी सलाईनची वेळ झाली आणि पाय धरायला कुणी नव्हतं. मी एकटीच धडपडत होते. मुलगी बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुझा अंगठा किती सुजलाय, दाखव." पाय तिनं धरले नाहीत. अंगठ्याला हळद लावून दिली. महिनाभर राहून आले. निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी एकटी ये." रागानं म्हणाली का सहज, मला अजून उलगडत नाही.

आता परत इथंच आहे. कपडे उंच दोरीवर घालते, कलेजी शिजवते, सुई टोचते, बोलणी खाते. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत काढेल, कदाचित नाही. हे तुला सांगून काय मिळणार? पत्ता नाही, पोस्टमन नाही, आणि ज्याला दाखवावं असं घरातही कुणी नाही. हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू रोज म्हणायचीस, "बाईला एकदा आणून दाखव गं." धाकटा आणायला निघालाही होता. मी म्हणाले, इथं जनावर आणायला परवानगी नाही. तू "व्हय का" म्हणालीस आणि भिंतीकडं कुशीवर वळलीस.

माय, मी कुणालाच विचारलं नव्हतं.