एकतिसावं कार्ड

राजापेठ, अमरावती
१० जून १९६८

प्रिय जमुना,

अक्षर ओळखलं नसशील. मी अनुपमा पाठक, अकोल्याला नववीत तुला गणित शिकवणारी. अकरा वर्षं झाली. तुझा पत्ता तुझ्या भावाकडून, चंद्रभानकडून घेतला. बाळापूरला पत्र दोन दिवसांत मिळतं म्हणाला.

मी बरी आहे. असं लिहायचं म्हणून लिहिते. बरी म्हणजे काय ते हल्ली मला नीट सांगता येत नाही. सकाळी उठते, पाणी भरते, शाळा असली की शाळेत जाते. आता मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. गणित पुन्हा घेतलं नाही. मागच्या पौषात आई गेली. लोक आले, बसले, मी सगळ्यांना चहा दिला. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, रडून घे, मोकळं वाटेल. मला रडू आलं नाही. आतून काही हललंच नाही. तू शाळा सोडलीस तेव्हाही माझं असंच झालं होतं. त्या दिवशी तुझं नाव हजेरीपटावरून खोडलं, आणि पुढच्या तासाला गेले.

आपला वर्ग आठवतो का तुला? गिरणीतल्या कामगारांची मुलं होती, ताजनापेठेतली उर्दू बोलणारी होती, कापसाच्या जिनवाल्या मारवाड्यांची दोन, सिंधमधून आलेला एक, नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरांतले दोघं भाऊ, आणि मोर्णा नदीपलीकडून पायी येणाऱ्या तुम्ही चार पोरी. एकाला व्याज तोंडी यायचं, तर दुसऱ्याचे तेराच्या पुढचे पाढे कच्चे. अशा सगळ्यांना एका फळ्यावर हाकणं भगवंतराव हेडमास्तरांना पटेना. पस्तीस मार्क पडले की ढकला पुढे, हे आता बस, असं ते म्हणत. ज्यानं त्यानं आपल्या पावलानं चालावं, पण आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. म्हणून गणिताची चाळीस कार्डं करायची ठरलं. प्रत्येकानं आपलं कार्ड घ्यायचं, सोडवायचं, मला दाखवायचं. सगळी उदाहरणं बरोबर आली तर पुढचं. एक जरी चुकलं तरी तीन कार्डं मागे जाऊन पुन्हा यायचं.

ती कार्डं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिली. मी बी.ए.ला मराठी घेतलेली. शाळेत गणिताला माणूस नव्हता म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि हेडमास्तरांना नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. उदाहरणं मी लिहिली, उत्तरंही मीच काढली. उत्तरांची वही माझ्या टेबलाच्या खणात असायची.

खरं सांगू, पद्धत चांगली होती. जुलैमध्ये खाली मान घालून बसणारी मुलं सप्टेंबरात आपण होऊन कार्ड मागायला यायची. दीक्षावाल्या भावांतला धाकटा मोठ्याच्या पुढे गेला आणि मग त्यालाच शिकवायला बसला. तू तर सगळ्यांच्या पुढे होतीस. भिंतीवरच्या तक्त्यावर तुझी लाल खूण पोळ्याच्या आत तीसवर पोहोचली होती. तुझे वडील पुंजाजी एकदा बाजाराच्या दिवशी शाळेत डोकावले आणि तो तक्ता किती वेळ पाहत उभे होते. मला म्हणाले, “आमच्या घरात शिकलेलं कोनी नाई, बाई. हे कुठून आलं हिच्यात?”

मग एकतिसावं कार्ड आलं. उदाहरण मला अजून पाठ आहे. एक बैलगाडी रिकामी असताना ताशी सहा मैल वेगानं गावाला गेली आणि माल भरून ताशी तीन मैल वेगानं त्याच वाटेनं परत आली, तर तिचा सरासरी वेग किती? वहीत उत्तर होतं साडेचार. तू चार लिहिलंस.

मी काट मारली. तू अठ्ठावीसपासून पुन्हा सुरू केलंस, चार दिवसांत परत आलीस आणि पुन्हा चार लिहिलंस. मी विचारलं, कसं काढलंस? तू म्हणालीस, गाव बारा मैल धरलं. मी म्हटलं, कार्डात अंतर दिलेलं नाही, मनाचे आकडे घालू नकोस. तू पुन्हा मागे गेलीस. तिसऱ्या वेळी चोवीस मैल धरून आलीस, उत्तर चारच. तेव्हा तू टेबलाशी उभी राहून बोललीस ते जसंच्या तसं लिहिते. “येतानी बैल दुप्पट वेळ चालून राह्यला ना, बाई. मंग दोन्हीले सारखं कसं धराचं?” मी म्हटलं, तुझ्या मागून आलेल्यांना साडेचार येतं, तुलाच कसं येत नाही? तू कार्ड पुन्हा हातात घेतलंस. मग विचारलंस, “लिवून देऊ का साडेचार? पन मंग ते पक्कं कसं म्हनाचं?”

मला तो उद्धटपणा वाटला. मी तुला जागेवर जायला सांगितलं.

अकरा आठवडे तू तिथेच होतीस. मागची तीन कार्डं तू कितीदा केलीस ते मी मोजलं नाही. इतरांच्या खुणा तुझ्या पुढे निघून गेल्या. नंतर नंतर तू कार्ड न्यायलाच येईनाशी झालीस. वही उघडून बसायचीस, त्यात काही लिहीत नसायचीस. मी ते पाहत होते आणि मनाशी म्हणत होते, घाई नको, पद्धत अशीच आहे, पक्कं झालं की जाईल पुढे.

दिवाळीच्या आधी पुंजाजी पुन्हा आले. त्यांना अक्षर येत नव्हतं पण खुणा कळत होत्या. त्यांनी विचारलं, “पोरगी अडली का, बाई?” मी सांगितलं, अजून पक्कं झालेलं नाही. त्यांनी पागोटं काढून पुन्हा डोक्याला बांधलं. “नाई येत त नाई येत. तिले जबरी नका करू. बाळापूरचं एक स्थळ आलं आहे.” तू त्यांच्या मागे उभी होतीस. मी एक वाक्य बोलले असते तर ते थांबले असते, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी दाखल्यावर सही केली.

दोन वर्षांनी शाळेत कुरेशी मास्तर आले. बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, गणितातला. आल्या आल्या त्यांनी सगळी कार्डं तपासायला घेतली. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत ते सहज म्हणाले, “बाई, एकतिसाव्याचं उत्तर दुरुस्त करा. चार पाहिजे. अंतर काहीही धरा, चारच येतं. बारा मैल धरले तर जाताना दोन तास, येताना चार, वेगांची नुसती बेरीज करून निम्मं करता येत नाही.” मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी साडेचारवर रेघ मारून बाजूला चार लिहिलं. मला म्हणाले, “इतक्या दिवसांत कोणाच्याच लक्षात नाही आलं?” मी म्हटलं, नाही.

जमुना, मी नाही म्हटलं. मग चहा आला, तो प्याले. घंटा झाली, वर्गावर गेले. त्या दिवशी काहीतरी फुटायला हवं होतं माझ्यात, पण काही झालं नाही. बाळापूर काही लांब नव्हतं. बस रोज होती. पुढच्या वर्षी भगवंतराव निवृत्त झाले, नव्या हेडमास्तरांनी कार्डं बंद केली, मी बदली मागून अमरावतीला आले. नऊ वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार, तुझं लग्न झालं, मुलं झाली, असं म्हणत राहिले. खरं कारण एवढंच की ज्या वर्गात पक्कं झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही, तिथे एकटी मीच कच्ची होते, आणि माझी वही तपासणारं कोणी नव्हतं.

परवा एस.टी. स्टँडवर चंद्रभान भेटला. तुझा धाकटा भाऊ कंडक्टर झाला हेही मला माहीत नव्हतं. त्यानं मला ओळखलं, पाया पडला. तुझी चौकशी केली तर म्हणाला, तुझी वेणू चौथी पास झाली, गुरुजी पाचवीत घाला म्हणतात, तिचे बाबाही तयार आहेत, पण तूच नको म्हणतेस. “तिची माय म्हनते, पोरगी माह्यावर गेली. हिसाबात एका जागी अडकन आन सारे पुढं निंगून जातीन. ते पाहाचं नाई मले.” त्यानं हे हसत सांगितलं. त्याची गाडी लागली म्हणून तो गेला आणि मी बाकावर बसून राहिले, माझी बस निघून गेली तरी. वेणूला पुढे शिकवावं की नाही हे तुला सांगायचा मला काही अधिकार नाही. क्षमाही मागत नाही, ती मागायची तर नऊ वर्षांपूर्वी मागायला हवी होती. पण ज्या कारणासाठी तू तिला घरी ठेवते आहेस ते कारण खरं नाही, आणि ते जाणणारी माझ्याशिवाय दुसरी कोणी नाही. तू अडली नव्हतीस. त्या वर्गात ते उदाहरण आलेली तू एकटीच होतीस. शाळा सव्वीस तारखेला उघडतात.

तुझीच,
अनुपमाबाई