आईनं भरलेलं पान

१२ डिसेंबर, गुरुवार संध्याकाळ

दुकानाला आज पहिलं गिऱ्हाईक आलं आणि मला आनंद काही झाला नाही.

दुकान म्हणजे फोनवरचंच. मी आखलेली नियोजनाची पानं लोकांनी विकत घ्यायची आणि घरी छापायची. कोरं पान बघून कोण घेईल, म्हणून पेरणीच्या वेळी एक पान आईकडून भरून घेतलं होतं. नमुना म्हणून त्याचाच फोटो टाकलाय. कापसाची पहिली वेचणी, दुसरी वेचणी, तिसरी वेचणी, सगळं आईच्या गोल अक्षरात. त्या गिऱ्हाईक बाईनं विचारलंय, हा फॉन्ट कोणता?

आणि आज सकाळीच आईनं उभ्या पराटीवर रोटावेटर फिरवून कपाशी मोडून टाकली. बियाणं बीटीचं, तरी बोंडाबोंडात गुलाबी अळी. तिसरी वेचणी झालीच नाही. फोटोत मात्र आहे. खोटं विकतेय का मी?

शेवटी नवं पान छापून आणलं आणि आईपुढं ठेवलं. म्हटलं, "हे भरून दे, जुना फोटो काढून टाकते." तिनं पेन घेतला, वार लिहिला. मग 'पुढच्या आठवड्याची कामं' या चौकटीवर थांबली.

"इथं काय लिहू वं?"

"तुले जे करायचं असन ते."

"मले काय माईत? पान तं तूच बनवलं."

सात ओळींची चौकट, मीच आखलेली. तिनं पेनाला टोपण लावलं.

दुकानात अजून तेच पान आहे, तिसऱ्या वेचणीचं.