अंगावरच्या कपड्यांनिशी

वेसावे, ७ जानेवारी १९६८

ती. हरेश्वरदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तिथे रॉटरडॅमच्या शाळेत पोरांना बूट-कपड्यांसकट पाण्यात उतरवून पोहायला शिकवतात, हे वाचल्यापासून चैन नाही. पाण्यात पडणारा माणूस कपडे काढून पडत नाही, हे आपल्या कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही रे? मी कवायतीच्या तासाला रांगा सरळ करत बसते आणि मढच्या माझ्या मुली रोज होडीने खाडी ओलांडून येतात. मुलगे पोहतात, मुलींना कोणी पाण्यात जाऊ देत नाही. आपली धाकटी बहीण मंजू याच खाडीत बुडून गेली.

पोहायचे वेगळे कपडे नकोत म्हटल्यावर आयांची तक्रारच मिटली. हेडमास्तर म्हणाले, करून बघा, पण कोणाला काही झालं तर पुन्हा शाळेत येऊ नका. उद्यापासून मुलींना खाडीतच शिकवायला सुरुवात करते. आईला सांगितलेलं नाही. फार धास्ती वाटते.

आठवण ठेव.
तुझी सगुणा


रॉटरडॅम, २० जानेवारी १९६८

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तसाच लिहायला बसलो. अगं, मी लिहिलं ते अर्धंच! इथली मुलं हौदात शिकतात. तळ दिसतो, पाणी कोमट, काठावर मास्तरीण लांब काठी घेऊन उभी. आपल्या खाडीची ओढ तुला मी सांगायला हवी का? गोदीतून दमून आलो की सुचेल ते लिहितो, माझंच चुकलं. ताबडतोब बंद कर. आईला दुसरा घाव सोसणार नाही.

उलट टपाली कळव.
तुझा दादा


वेसावे, २५ फेब्रुवारी १९६८

ती. दादास सा. न. वि. वि.

उत्तर मुद्दाम लांबवलं, रागावू नकोस. पोरी तरंगायला लागल्याशिवाय काय लिहिणार होते? बंद केलेलं नाही. भरती पुरी होऊन पाणी थांबलं की उतरतो. एका वेळी एकच मुलगी, कमरेला दोर.

पहिल्याच दिवशी कोणीतरी चुगली केली आणि आई मासळीची पाटी टाकून किनाऱ्यावर हजर. म्हटलं, लागली वाट! तिने माझ्या हातातून दोर घेतला आणि पाय रोवून उभी राहिली. तेव्हापासून दोर तिच्याच हातात. तुझ्या काठीवाल्या मास्तरणीला म्हणावं, बघायला ये.

काल मढच्या प्रेमाला दोराशिवाय सोडायचं होतं. आई गाठ सोडेना. मंजूएवढीच आहे गं, एवढंच म्हणत राहिली. प्रेमा परकर-पोलक्यात कुडकुडत उभी, मीही आतून घाबरलेलीच. शेवटी आईनेच गाठ सोडली. प्रेमा नांगरलेल्या होडीला हात लावून परत आली, तोवर आई कमरेएवढ्या पाण्यात रिकामा दोर घट्ट धरून उभी होती.

घरी दोर वाळत घालताना म्हणाली, मंजूलाही जमलं असतं.

काळजी कर, पण माया कमी करू नकोस.
तुझी सगुणा