चिखलातली हजेरी

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत ठीक असेल. गुडघा अजून कुरकुरत असेल तर त्यालाही माझा नमस्कार सांग.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. काल आपल्या खाडीवरच्या नव्या उद्यानात मला दोन्ही गमबूट डाव्या पायाचे देण्यात आले. गमबूट सक्तीचे आहेत, अशी पाटी तिकीटखिडकीवर आहे. ते दोन वेगवेगळ्या पायांचे असावेत, अशी सक्ती मात्र कुठे नाही. मी हे खिडकीतल्या गृहस्थांच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, "बाई, आत नुसता चिखल आहे. कोण बघतंय?" या युक्तिवादावर जगातली निम्मी सरकारं चालतात, तिथे मी काय बोलणार? तीन तास माझा उजवा पाय डावीकडे चल म्हणत होता.

तू म्हणशील, ही तिकडे कशाला कडमडली? साप्ताहिकाच्या संपादकांना सहलीवर काहीतरी खुसखुशीत हवं होतं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं की तू हो म्हणतेस आणि आदल्या दिवशी गुडघा पुढे करतेस.

उद्यान झकास केलंय हं. आपण ढोपरभर चिखल तुडवत जायचो तिथे आता फळ्यांची वाट आहे. खेकड्यांच्या बिळांनासुद्धा पाट्या आहेत. वाट दाखवायला साठीची, खणखणीत आवाजाची एक बाई होती. आधी बसमध्ये कंडक्टर होती म्हणे. अजून "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणते. खारफुटीपाशी तिने सगळ्यांना थांबवलं.

"ही झाडं एका शाळेच्या कारकुनाने लावलीत. शाळेतला एक जुना हजेरीपट घेऊन दर रविवारी यायचे आणि रोपांची हजेरी घ्यायचे. नंबर पुकारायचे. त्यांची मुलगी चिखलात उतरायची, आणि रोप जिवंत असलं की ओरडायची, 'हजर!'"

मुलगी. एकच.

मला वाटलं, बाई कंडक्टर होती, एखादं तिकीट फाडायचं राहिलं असेल. "मुली दोन होत्या ना?" मी विचारलं.

"छे हो, एकच. त्या स्वतः येऊन सांगून गेल्यात. पुढे सरका."

पुढे गुहा. ओहोटी होती, म्हणून आत जाता आलं. तोंडाशी डाव्या भिंतीवर त्या दोन रेघा अजून आहेत. बाबांनी खिळ्याने आपली उंची कोरली होती, आठवतं? तू टाचा उचलल्या होत्यास. बाईने टॉर्च मारून सांगितलं, "वरची रेघ मोठ्या भरतीची, खालची लहान भरतीची." लोकांनी फोटो काढले. मी भरती झाले, ताई. तीही लहान.

वाट संपते तिथे किनारा, आणि किनाऱ्यावर माहिती केंद्र. तिथे काचेच्या पेटीत बाबांचा हजेरीपट ठेवलाय.

बाबा गेल्यावर तू घर आवरत होतीस, तेव्हा मी फोनवर तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं. कपाट नको, भांडी नको, हजेरीपट तेवढा ठेव. तू म्हणालीस, "वाळवी लागली गं, जाळून टाकला." मी त्या रात्री जेवले नव्हते. काल बघितलं, एक कोपरासुद्धा कुरतडलेला नाही. मोठी सुसंस्कृत वाळवी! खाली चिठ्ठी: एकुलत्या एक कन्येकडून सप्रेम भेट.

ताई, घर तू ठेवलंस, मी ब्र काढला नाही. पण चिखलात मी उतरायचे. तू फ्रॉक सावरून कोरड्या खडकावर बसायचीस आणि बाबांची दौत सांभाळायचीस. माझा 'हजर'सुद्धा नेलास?

पत्र इथेच संपवून पाकीट चिकटवणार होते. पण काचेखाली जे पान उघडं आहे ते शेवटचं आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत खुणा, पुढचे रकाने कोरे. बाई म्हणाली, "वय झालं असेल, थांबले असतील."

वयाने नाही थांबले. माझा 'झाडांचे हेडमास्तर' हा विनोदी लेख त्याच आठवड्यात छापून आला. मी बाबांचं नाव घातलं नव्हतं. पण चिखलात उभं राहून नंबर पुकारणारी माणसं गावात होती किती? बाबा दिसले की दुकानदार 'हजर!' म्हणून ओरडतात, हे तू मला फोनवर सांगितलंस. मी म्हणाले, "म्हणजे लेख पोचला म्हणायचा." हे वाक्य मला पाठ आहे. तुलाही असणार.

त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. दोन वर्षं तू त्यांना भरवलंस, पुसलंस, रात्री उठलीस. मी दोनदा आले, दोन्ही वेळा परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून.

तेव्हा 'एकुलती' हा शब्द अगदीच खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही. पण वाळवी खोटी होती, ताई. तोंडावर सांगायचंस, तुला देणार नाही म्हणून. मी भांडले असते, आकांडतांडव केलं असतं, हरले असते. माझ्याशी भांडण्याइतकीही मी तुला तुझी वाटले नाही. मी त्या घरात नव्हतेच, हे मला एका परक्या बाईकडून, तिकीट काढून कळलं.

निघताना ती बाई गंमत म्हणून प्रत्येकाला एक नंबर देते. तो पुकारला की झाडाच्या वतीने आपण ओरडायचं. मला एक्केचाळीस आला. तिने दोनदा पुकारलं.

"एक्केचाळीस गैरहजर!" बाई म्हणाली. सगळे हसले. चांगला हशा होता. मला हशातलं कळतं.

संपादकांना लेख देत नाही म्हणून कळवलंय. ती चिठ्ठी बदलायलाही मी कोणाला सांगणार नाही.

या पत्रापाठोपाठ एक पार्सल येईल. तुझ्या निळ्या पट्ट्याच्या नव्या सँडल मी एकदा न विचारता घालून चिखलात उतरले होते आणि डावी तिथेच रुतली. तू बाबांना म्हणालीस, "मीच हरवली." आठवडाभर अनवाणी शाळेत गेलीस, पण माझं नाव घेतलं नाहीस. मोठी झाले की भरून देईन, असं मी तुला तेव्हा म्हणाले होते. माप अजून पाचच असेल, असं धरून चाललेय. निळा पट्टा चौथ्या दुकानात मिळाला. खोका बांधण्याआधी दोनदा तपासलंय : एक डावी आहे, एक उजवी.

एकुलत्या एकीची
धाकटी बहीण