आबांच्या काठीचा चर

प्रशील,

मी आबांना आणायला दवाखान्यात चाललेय. आल्या आल्या ते बागेत जातीलच. त्याआधी तू काढलेला चर बुजव आणि लॉनची कड सरळ काप. गोल टोकाचं फावडं नको, मोरीमागचं सपाट पात्याचं घे. दोरी ताणून बांध, पातं उभं धर, पायाने दाब.

आबांना दिसत नाही, त्यांची काठी कडेच्या चरातूनच चालते, हे तुला ठाऊक होतं. तरी रविवारी छान दिसावं म्हणून तू वळण काढलंस आणि चर थेट हौदाकडे नेलास. हात कसा मोडला विचारलं की ते सगळ्यांना सांगतात, "माले चक्कर उनी व्हती." तुझं नाव घेत नाहीत.

कड झाली की डोळे मिटून, काठी घेऊन आधी तू चालून बघ. हौद मी झाकलेला नाही.

सपना